तो काय करून राहिला?

प्राण्यांना हसायची रीत मोबाईलबरोबर आली असं कुणाला वाटत असेल, तर त्याने गावात दिवस काढलेले नाहीत. आमच्याकडे निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या वस्त्यांवर, जनावर दिसलं की त्याला नाव पडायचंच. नांदूरमधमेश्वरच्या पाण्यात जांभळी पाणकोंबडी लांबलांब बोटं टाकत वेलींवरून चालायला लागली की म्हातारे म्हणायचे, "निघाला बघा, धोतर सावरत." बाभळीच्या ढोलीतून पिंगळा तोंड काढायचा, मान खाली घ्यायचा, वर घ्यायचा, डावीकडे न्यायचा, उजवीकडे न्यायचा. "सावकार व्याज मोजून राहिला," असं म्हणून लोक हसायचे. टिटवी तर सगळ्या पोरांच्या ओळखीची. ती म्हणे रात्री पाय वर करून झोपते. का? तर आभाळ पडलंच तर पायावर तोलून धरायला. मुठीएवढा जीव आणि आभाळाचा ठेका!

तेव्हा हसणं जुनंच आहे. नवं आहे ते फोटोतलं हसणं.

आता आमच्या भावकीचाही मोबाईलवर ग्रुप आहे. त्यात सकाळी देवाचे फोटो येतात, दुपारी द्राक्षाचे भाव येतात आणि रात्री जेवणं झाली की पुण्यातला पुतण्या जनावरांचे फोटो टाकतो. पोट धरून हसणारा सील, हात जोडून उभी खार, चष्मा लावल्यासारखं दिसणारं माकड. खाली काहीतरी लिहिलेलं असतं, 'सोमवारी ऑफिसला जाताना मी' किंवा 'बायकोने बिल पाहिलं तेव्हा'. आम्ही हसतो. मीही हसतो. यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही.

जगात याची मोठी स्पर्धाही भरते. 'कॉमेडी वाइल्डलाइफ' नावाची ही स्पर्धा पॉल जॉयन्सन-हिक्स आणि टॉम सुलम या दोन छायाचित्रकारांनी २०१५ मध्ये सुरू केली. हसता हसता लोकांना रानाबद्दल आपुलकी वाटावी, हा त्यामागचा त्यांचा हेतू. २०२० साली पहिला नंबर आला तो ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रातल्या कासवाचा. पोहता पोहता त्याचा वल्ह्यासारखा पाय अशा कोनात आलेला, की कासव फोटो काढणाऱ्याला मधलं बोट दाखवतंय असं वाटावं. २०२२ साली सेरेंगेटीतला सिंहाचा छावा, झाडावरून उतरताना हात सुटलेला, चारी पाय हवेत. त्याआधी २०२१ साली चीनमधलं सोनेरी माकड. पुलाच्या तारेवर असं काही बसलेलं, की नाजूक जागी लागलंय आणि तोंड वेडंवाकडं झालंय असं वाटावं. जगभर लोक हसले.

पुतण्याने हा माकडाचा फोटो टाकला तेव्हा माझ्या थोरल्या चुलतीने, जिला सगळी वस्ती नानी म्हणते, डोळ्यांजवळ मोबाईल धरून विचारलं, "हे माकड काय करून राहिलं?"

प्रश्न साधा होता. पण घरात कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग पुतण्यानेच शोधून सांगितलं : ते माकड नर आहे, त्याला काही लागलेलं नाही, ते समोरच्यावर दात विचकून जोर दाखवतंय. म्हणजे फोटो वेदनेचा वाटत होता आणि निघाला दमदाटीचा. नानी म्हणाली, "मंग बरोबर. मला वाटलं, त्याला लागलं आणि तुम्ही दात काढताय."

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. हसण्याआधी नाही तर हसल्यावर तरी विचारावा असा प्रश्न : तो काय करून राहिला?

हा प्रश्न विचारला की काही फोटोंमधलं हसू वाढतं. पिंगळ्याचंच घ्या. घुबडाच्या जातीचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते आपल्यासारखे इकडेतिकडे फिरत नाहीत. त्यामुळे समोरचा उंदीर किंवा समोरचा माणूस किती लांब आहे हे ठरवायला त्याला सगळी मानच हलवावी लागते. वरून बघायचं, खालून बघायचं, दोन्ही बाजूंनी बघायचं आणि अंतर धरायचं. म्हणजे आमचे म्हातारे म्हणायचे ते अगदीच खोटं नव्हतं. तो हिशोबच करत होता, फक्त व्याजाचा नव्हता. पाणकोंबडीची ती लांब बोटं तिचं वजन पसरून धरतात, म्हणून ती बुडत नाही. छाव्याचं म्हणाल तर तो पडता पडता वळला आणि चारी पायांवर उतरला, त्याला काही झालं नाही. हे कळल्यावर फोटो पुन्हा पाहिला तर हसू येतंच, आणि सोबत थोडं कौतुकही येतं.

काही फोटोंमधलं हसू मात्र याच प्रश्नाने आटतं.

२०२४ च्या मार्चमध्ये शेजारच्या धुळे जिल्ह्यात एका गावात बिबट्याचं डोकं धातूच्या भांड्यात अडकलं. उन्हाळा तोंडावर आलेला, भांड्यात पाणी असणार, तोंड घातलं आणि निघेना. पाच तास तो तसाच होता. शेवटी वनखात्याच्या लोकांनी बेशुद्ध करून भांडं कापून काढलं. त्याचं चित्रण आमच्याही ग्रुपवर आलं. पाहिलं तर खरंच सोंगाड्यासारखं दिसतं : खाली ठिपक्यांचं अंग, वर तोंडाच्या जागी भांडं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पाणीटंचाई'. आता विचारा, तो काय करून राहिला? त्याला दिसत नव्हतं. तो आंधळा होऊन भिंती चाचपत होता आणि चारी बाजूंनी माणसांचा गलका ऐकत होता.

दुसरं चित्र आपल्या नाशिकचंच. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये बिबट्या आणि मांजर एकाच विहिरीत पडले. बिबट्या मांजरीच्या मागे लागला होता, दोघंही आत गेले. विहिरीतल्या अरुंद कडेवर मोठी मावशी आणि धाकटी मावशी समोरासमोर. ते चित्रण देशभर फिरलं. बिबट्याला पुढे सुखरूप बाहेर काढून रानात सोडलं. लोकांनी त्यावर नवरा-बायकोचे, सासू-सुनेचे, पुढाऱ्यांचे सगळे विनोद करून घेतले. मला त्यातले काही आवडलेही. पण ज्याच्या वस्तीवरच्या विहिरीत बिबट्या पडलेला आहे त्याला हे चित्र अर्धंच दिसतं. बाकीचं त्याला पाठ असतं.

आमच्या विहिरीत पडला त्याला आता बरीच वर्षं झाली. पहाटे कुत्र्यामागे पळत आला असावा. विहिरीला कठडा नाही, भोवती घास वाढलेला. सकाळी मोटार चालू करायला गेलेला सालदार पळत परत आला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "वाघ." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. तासाभरात अख्खं गाव विहिरीवर. खाली तो मोटारीच्या पाईपला पुढचे पाय लावून कसाबसा तरंगत होता. बिबट्याला पोहता येतं, पण चारी बाजूंनी दगडी बांधकाम असलं तर पोहून तो जाणार कुठे? एक पोरगा ओरडला, "पाव्हणं आंघोळीला आलं, कुणी साबण द्या रे!" सगळे हसले. हसण्याचा तो आवाज विहिरीत घुमला आणि तो वर बघून फिस्कारला. ओठ मागे ओढलेले, कान डोक्याला चिकटलेले. पोरांनी त्याचेही फोटो काढले. 'चिडला बघ,' म्हणाले.

नानी कडेला उभी होती. मागच्याच मार्गशीर्षात तिची गाभण शेळी त्याने, किंवा त्याच्या भाऊबंदाने, दावणीवरून नेली होती. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता दोन शिव्या हासडणार. ती म्हणाली, "हसू नका रे. त्याला कापरं भरलंय, दिसत नाही का?" कुणीतरी तिला शेळीची आठवण दिली. तेव्हा ती म्हणाली, "शेळी नेली तेव्हा तो वाघ होता. आत्ता विहिरीत पडलाय."

वनखात्याची गाडी यायला वेळ होता. तोवर चार जणांनी एक बाज चारी कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडली. तो तिच्यावर चढून बसला, अंग आकसून. गाडी आली, पिंजरा सोडला, दुपारी तो गेला. ज्याने साबण मागितला होता तोच पोरगा बाजेचा एक दोर धरून दीड तास उन्हात उभा होता, हेही सांगितलं पाहिजे. हसणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. हसू आणि दया एकाच माणसात शेजारी शेजारी राहतात. प्रश्न एवढाच, की त्यातलं कोण दुसऱ्याला घराबाहेर काढतं.

यावर एक सरळ आक्षेप आहे, आणि तो पुतण्याने घेतलाच. "काका, त्या बिबट्याला कुठं कळतंय आपण हसलो ते? ज्याला कळतच नाही त्याचा अपमान कसा होईल?"

विचार करण्यासारखं आहे. त्याला कळत नाही हे खरं. त्याला फक्त गलका कळतो. पण मेलेल्या माणसालाही कळत नाही, तरी आपण मयताच्या तोंडाकडे बघून थट्टा करत नाही. कुणी केली तर तिथला सगळ्यात अडाणी माणूससुद्धा त्याला दटावतो. ते काही मेलेल्याला वाईट वाटेल म्हणून नव्हे. तसं हसणारा माणूस उद्या जित्याशीही तसाच वागेल, हे त्याला कळतं. आपण कशाला हसतो त्यावर आपले हात पुढे काय करतील ते ठरत जातं.

आणि हात काय करतात ते आम्ही ऊसतोडीत बघतो. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते, तिच्यासाठी तेच रान. तोड सुरू झाली की एखाद्या फडात बछडे सापडतात. मांजरीच्या पिल्लाएवढे, डोळे मिचकावणारे, गोंडस. लगेच हातात घेऊन फोटो, मुलीच्या कडेवर देऊन फोटो, कुणी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवतं. त्या वेळी बछडा काय करून राहिला? तो आईची वाट बघत असतो. आणि आई लांब नसते, बाजूच्या उभ्या उसात असते. जाणते लोक आणि वनखातं काय करतात, तर बछड्यांना जास्त न हाताळता क्रेटमध्ये ठेवतात, संध्याकाळी त्याच जागी नेऊन ठेवतात आणि माणसं मागे सरतात. रात्री मादी येते, एकेकाला मानेला धरून उचलून नेते. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिकडच्या भागातही अशीच पिल्लं आईकडे पोचवली जातात. नाही पोचली तर आई चवताळून वस्त्यांभोवती फिरते, आणि मग ज्याचं पोर अंधारात ओट्यावर बसलेलं असतं त्याला त्या टोपीच्या फोटोची किंमत मोजावी लागते. इथे गंमत आणि जीव यांच्यात एका रात्रीचंच अंतर असतं.

चेहऱ्याच्या गमतीने आणखी एक होतं. ज्याचा चेहरा आपण थट्टेसाठी राखून ठेवला, तो नाहीसा झाला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गिधाडाचं बघा. टक्कल, वाकलेली मान, खांदे वर काढलेले. व्यंगचित्रात लोभी माणूस काढायचा तर गिधाड, शिवी द्यायची तर गिधाड. ती मान उघडी असते म्हणून मेलेल्या ढोरात तोंड घालूनही फारशी बरबटत नाही, हे कुणी सांगत नाही. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक टोचलं जायचं, ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झालं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. शिवी मात्र शाबूत राहिली. आज अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करून आहेत, आणि हरसूलकडे खोरीपाड्याला गावकरी नि वनखातं मिळून मेलेली ढोरं त्यांच्यासाठी ठेवतात. त्या जागेला लोक 'गिधाडांचं हॉटेल' म्हणतात. हे ऐकून मी हसलो होतो. हे हसू चांगलं आहे, कारण त्यात गिधाडाला ताट वाढलेलं आहे.

मग चांगलं हसू आणि वाईट हसू ओळखायचं कसं? गावाचं चांगलं आणि शहराचं वाईट, असं म्हणून माझी सुटका होणार नाही. विहिरीवर दगड मारणारे हात गावचेच असतात, आणि गिधाडांसाठी पदरमोड करणारे कित्येक शहरातले असतात.

मला याचं उत्तर शाळामास्तर म्हणून सुरगाण्याकडे काही वर्षं काढली तेव्हा थोडंफार दिसलं. तिकडे आदिवासी पाड्यांवर वाघबारस करतात. आपली वसुबारस असते त्याच दिवशी. रानाच्या कडेला वाघदेव असतो, दगडावर किंवा लाकडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागून आणतात, तिथेच शिजवतात, आणि मग खेळ होतो. कुणी वाघ होतो, कुणी अस्वल, कुणी कोल्हा. अंगाला रंग नाहीतर राख फासून गुरगुरतात, बाकीचे त्यांना हाकलत नेतात. काय हसतात लोक! म्हाताऱ्या कोताऱ्या पदर तोंडाला लावून हसतात. पण ते हसतात ते वाघ झालेल्या पोराला, त्याला वाघ नीट होता येत नाही म्हणून. कोरलेल्या वाघापुढे मात्र नारळ असतो. खेळ संपला की पोरगा राख पुसतो आणि पंगतीला बसतो. सोंग माणसाने घेतलेलं, माणसानेच उतरवलेलं.

फोटोत हे उलटं होतं. तिथे माणसाचं सोंग आपण जनावराच्या तोंडावर चढवतो. कासवाला आपलं बोट देतो, माकडाला आपलं दुखणं देतो, बिबट्याला आपला सोमवार देतो. तेही चालेल, सोंगात गंमत आहे. पण जनावराला ते उतरवता येत नाही. ते उतरवायचं काम बघणाऱ्याचं आहे, आणि त्याला दुसरी काही युक्ती नाही. ही जात कोणती, ती राहते कुठे, आणि या घडीला ती काय करत होती, एवढं विचारायचं. उत्तर भूक, भीती किंवा आईची ताटातूट असं आलं, तर हसू आपोआप थांबतं, कुणी दटावायला लागत नाही. उत्तर दुसरं काही आलं तर खुशाल हसावं.

आणि जे बिबट्यासोबत रोज राहतात त्यांच्या हसण्याला तर मी कधीच हात लावणार नाही. तोडणीच्या बाया अंधारात फडाकडे निघताना एकमेकींना म्हणतात, "तू पुढं हो गं, तुला बघून वाघच पळंल." मोठ्याने हसतात आणि चालू लागतात. त्या हसल्या नाहीत तर त्यांना पाऊल टाकवणार नाही. त्या हशात बिबट्या कुठे लहान होत नाही, उलट तो तिथे आहे हे त्यात पक्कं धरलेलं असतं.

यंदा एप्रिलमध्ये, बागांची खरड छाटणी चालू असताना, पुतण्या सुट्टीला वस्तीवर आला आणि त्याने स्वतः एक फोटो काढला. टिटवी पाटाच्या पाण्यातून निघालेली, पोटाची पिसं ओली होऊन लोंबतायत, आणि ती अशी तोऱ्यात चाललीय जणू लग्नाला निघालेल्या बाईवर कुणी बादली ओतली. खाली त्याने लिहिलं होतं, 'लाईट गेल्यावर आंघोळ'. त्याखाली आणखी एक ओळ : 'ती पोट भिजवून अंड्यांवर बसायला चाललीय, उन्हात अंडी तापू नयेत म्हणून.'

मी हसलो आणि मोबाईल नानीपुढे धरला. तीही हसली, दात नसलेलं तोंड उघडून. मग तिने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"अंडी कुठंशी हाये तिची? धाकट्याला सांग, तेवढ्या तुकड्यात रोटर मारू नको म्हणावं."